वीसपैकी चार

शशिकांत ओगल्यांना कोणी "मूळचे कुठले?" असं विचारलं, की ते आधी "बालीगंजचा" म्हणत आणि समोरच्याचा चेहरा बघून मग "म्हणजे तसे आम्ही साताऱ्याकडचे" अशी पुस्ती जोडत. साताऱ्याला ते उभ्या जन्मात दोनदा गेले होते, त्यातलं एकदा स्वतःच्या मुंजीला. आजोबा रेल्वेच्या कचेरीत चिकटले म्हणून घराणं कलकत्त्याला, या बालीगंजात आलं, वडील इथेच वकील झाले आणि शशिकांतराव इथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवू लागले. बंगाली असं बोलत, की फोनवर ऐकणाऱ्याला शेवटी ओगले हे आडनाव ऐकून ठेच लागावी. घरात मराठी, बाहेर बंगाली, विद्यापीठात इंग्रजी. रागावले, की मात्र फक्त मराठी.

आता, बंगालात जन्मलेल्या मराठी माणसाच्या पाठीला एक शब्द कायमचा चिकटलेला असतो. तो म्हणजे बर्गी. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळानं अठराव्या शतकात दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावं लुटली, धान्य जाळलं. त्या घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या स्वाऱ्यांना दोन ओळी मिळतात, त्याही अभिमानाच्या. इथे अजून आया पोराला झोपवताना त्यांचं नाव घेतात. ओगले शिक्षकांच्या खोलीत शिरले, की कोणीतरी हमखास ओरडायचं, "बर्गी आला रे, संदेशाची मिठाई लपवा!" सगळे हसायचे. ओगलेही हसायचे, आणि सर्वांत मोठ्यानं तेच हसायचे. पण त्यांना ते लागायचं. वीस वर्षं रोज थोडं थोडं लागत होतं आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

त्याची भरपाई ते महाराष्ट्र मंडळात करत. दर शिवजयंतीला ओगल्यांचं व्याख्यान ठरलेलं असे, आणि विषय कुठलाही असो, गाडी दक्षिण अमेरिकेला जायचीच. स्पॅनिश वसाहतींचं स्वातंत्र्य हा त्यांचा लाडका विषय. रोमच्या टेकडीवर तरुण बोलिव्हार मातृभूमीला सोडवण्याची शपथ घेतो आणि इकडे रायरेश्वरावर बाल शिवाजी शपथ घेतो, हे दोन प्रसंग ते एकाच दमात सांगत, तेव्हा बँकेतून बदलून आलेले अधिकारी आणि त्यांच्या बायका टाळ्या वाजवून हात लाल करून घेत. दक्षिण अमेरिकेचे शिवाजी महाराज! असा शोध मराठी माणसाशिवाय कोणाला लागणार? त्या मुक्तिदात्यांच्या फौजांनी कुठे काय केलं, हा भाग ओगल्यांनी वाचला नव्हता असं नाही. तो व्याख्यानात बसत नव्हता, एवढंच.

त्र्याहत्तर साली बी.ए. ऑनर्सच्या उत्तरपत्रिकांचं एक बाड त्यांच्याकडे आलं. ते दिवस परीक्षेच्या नावानं बोंब मारण्याचे होते. कुठे पेपर फुटलेला, कुठे खिडकीतून चिठ्ठ्या आत, कुठे बाकावर सुरा ठेवून पोरगं निवांत लिहीत बसलेलं. त्यामुळे पन्नास पत्रिकांत तीच तीच वाक्यं, तीच उदाहरणं, चूकसुद्धा तीच. ओगले लाल पेन्सिल घेऊन खिडकीशी बसत आणि एकेक पत्रिका उलटत राहत. पेपरात शेवटचा प्रश्न होता: स्पॅनिश वसाहतींच्या स्वातंत्र्याचा इतिहासकारांनी कसकसा अर्थ लावला आहे, याची चर्चा करा. नोट्समध्ये हा प्रश्न नव्हता, म्हणून कोणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. सबंध बाडात फक्त एका पत्रिकेत त्याचं उत्तर होतं.

उत्तर चांगलं होतं. पहिल्या पानावर ओगले सरसावून बसले. एका पिढीनं हा वीरांचा पराक्रम मानला, असं त्या उमेदवारानं लिहिलं होतं. दुसरी पिढी म्हणाली, की वीरांचं सोडा, १८०८ मध्ये नेपोलियननं स्पेनचा राजाच पळवला आणि धनी नसलेलं घर आपोआप कोसळलं. आणखी काहींनी दाखवलं, की तिथेच जन्मलेल्या गोऱ्या जमीनदारांना स्पेनहून येणारे अधिकारी आणि त्यांचे व्यापारी निर्बंध नकोसे झाले होते. आणि अलीकडचे लोक विचारतात, की तिथल्या मूळच्या माणसाच्या हाती काय आलं? त्याच्या डोक्यावरचा जुना कर स्वातंत्र्यात उठला आणि थोड्याच वर्षांत नाव बदलून परत बसला.

मग तिसऱ्या पानावर पास्तो आलं. पास्तो हे डोंगरातलं गाव. तिथले आदिवासी शेतकरी मुक्तिदात्यांच्या नव्हे, राजाच्या बाजूनं लढले, आणि १८२२ च्या नाताळात स्वातंत्र्याच्या फौजेनं ते गाव लुटलं, माणसं कापली. उमेदवारानं पुढे लिहिलं होतं: "पास्तोच्या आईला बोलिव्हारचे सैनिक कसे दिसले असतील, हे समजायला आम्हाला लांब जायला नको. मराठे आपल्या विस्ताराला स्वराज्य म्हणत. आमच्या मेदिनीपूरच्या शेतकऱ्यानं त्यालाच बर्गींची लूट म्हटलं. दोघांनाही विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही."

ओगल्यांची कानशिलं तापली. वीस वर्षं हसण्यावारी नेलेला शब्द इथे त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच बोलिव्हारच्या शेजारी येऊन बसला होता. मोठ्यानं हसायला समोर कोणी नव्हतं. महाराज जाऊन साठ वर्षं झाल्यावरची गोष्ट ही, तिचा इथे काय संबंध, असं ते मराठीत पुटपुटले. त्यांनी ते बर्गींचं वाक्य लाल पेन्सिलीनं खोडलं. समासात "अप्रस्तुत" असा शेरा मारला. आणि वीसपैकी चार गुण दिले.

चार! कॉपी करणाऱ्यांना आठ-आठ दिले होते त्यांनी.

बाड गेलं. पत्रिकेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि नंबराला चेहरा नसतो. ओगले ते विसरले, म्हणजे विसरायच्या बेतात होते.

पुढच्या वर्षी निकाल लागला, तेव्हा एका शनिवारी शरच्चंद्रबाबू आले. हे ओगल्यांचे एम.ए.चे वर्गमित्र, बजबजच्या बाजूला एका कॉलेजात इतिहासच शिकवत. महिन्यातून एकदा ते बालीगंजला येत, ओगल्यांच्या पत्नी नलिनीबाईंच्या हातचे पोहे खात आणि बंगालीतून या वहिनींना "बौदी, ह्यात मासा असता तर स्वर्ग होता" असं सांगत. त्या दिवशी त्यांनी पोह्यांना हातच लावला नाही.

"माझ्या वर्गात एक मुलगी होती रे, लीना मन्ना," ते म्हणाले. "बाप चटकलीत, तागाच्या गिरणीत कामाला. दर आठवड्याला बजबजहून लायब्ररीत यायची. मी अशी पोरगी पाहिली नाही. सहा गुणांनी तिचं ऑनर्स गेलं. नुसती पास डिग्री हातात. आता ना एम.ए., ना कुठे धड शिकवायची नोकरी."

"कुठल्या पेपरात गेलं?" ओगल्यांनी विचारलं.

"त्या स्पॅनिश वसाहतींच्या प्रश्नात घात झाला म्हणते. बाकीचं सगळं ठीक होतं. मीच तिला पास्तोची हकीकत सांगितली होती. बर्गींची तुलना तिची स्वतःची, पण मी म्हटलं होतं, लिही, परीक्षक खूश होईल." शरच्चंद्रबाबूंनी चष्मा काढून पुसला. "शशी, तू तर परीक्षक असतोस. रिव्ह्यूला, फेरतपासणीला अर्ज टाकायला सांगू का तिला? अजून मुदत आहे."

इथे ओगल्यांना एक वाक्य बोलायचं होतं. "ती पत्रिका माझ्याकडे होती," एवढंच. गुण वाढले असते, परीक्षकपद गेलं असतं, विद्यापीठात चार लोक कुजबुजले असते, मंडळातही ते पोचलं असतं. हे सगळं त्यांच्या मनात क्षणात येऊन गेलं. आणि ते म्हणाले, "रिव्ह्यूत काही होत नाही रे. फक्त बेरीज तपासतात. उगाच पोरीला आशा कशाला लावतोस?"

शरच्चंद्रबाबूंनी मान हलवली. वर्गमित्राचा शब्द, त्यातून परीक्षकाचा. त्यांनी विश्वास ठेवला आणि मुदत निघून गेली.

लाल पेन्सिलीचं पाप रागाच्या भरात झालं होतं. राग ओसरला, की त्याला निमित्त तरी सापडतं. पण हे दुसरं पाप थंड डोक्यानं, पोह्यांची बशी समोर ठेवून केलेलं होतं. ओगल्यांना त्याला कुठलंच निमित्त सापडेना. त्यांना स्वतःची लाज वाटू लागली, आणि ही लाज चारचौघांत वाटते तशी नव्हती. दाढी करताना, ट्रॅमची वाट बघताना, वर्गात हजेरी घेताना, माणूस एकटा सापडेल तिथे ती गाठायची. त्या साली शिवजयंतीला त्यांनी घसा बसल्याचं सांगितलं. मंडळींनी खडीसाखर पाठवली. ती बघून त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीड वर्ष असं गेलं. मग पंचाहत्तरच्या पावसाळ्यानंतर शरच्चंद्रबाबू एकदा आले आणि बोलता बोलता म्हणाले, "मी आता वर्गात काही सांगत नाही. नोट्स देतो, पाठ करा म्हणतो. तीन कारणं, चार परिणाम. लीनाचं वाटोळं मी केलं, आणखी कोणाचं नको."

"तू नाही केलंस," ओगले म्हणाले.

"मीच केलं. तुला ठाऊक नाही."

ओगले उठून आत गेले. स्वयंपाकघरात नलिनीबाई चहा गाळत होत्या. पाहुणा गेल्यावर त्या विचारत्या झाल्या, की मघाशी तोंड असं का झालं होतं, तेव्हा ओगल्यांनी दीड वर्ष गिळलेलं सगळं ओकून टाकलं. पत्रिका, पेन्सिल, शेरा, रिव्ह्यू. नलिनीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या जबलपूरच्या माहेरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या.

"मग हे मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "मी काय विद्यापीठ आहे? का त्या पोरीची आई आहे?"

"आता मुदत गेली, नलिनी."

"मुदत रिव्ह्यूची गेली. तुमची गेली का?"

ओगल्यांनी त्याच संध्याकाळी विद्यापीठाला पत्र लिहिलं: अमुक वर्षी, अमुक पेपरात, मी आकसानं गुण कापले. 'आकसानं' या शब्दाशी ते बराच वेळ अडले. 'अनवधानानं' असा एक सोज्वळ शब्द मनात येऊन उभा राहिला होता. त्यांनी आकसच लिहिला. एक प्रत टपालात टाकली, दुसरी खिशात घातली आणि रविवारी बालीगंजहून बजबजची गाडी पकडली.

चटकलीपाशी मन्नांचं नाव सांगितल्यावर पत्ता सापडायला त्रास झाला नाही. चटकलीच्या मागे चाळीसारख्या खोल्यांची एक रांग, पुढे अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक हापसा. लीना दारातच तांदूळ निवडत बसली होती. चोवीस-पंचवीसची, किरकोळ अंगाची, चष्मा एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला. शरत्‌सरांचे मित्र म्हटल्यावर तिनं घाईनं खुर्ची आणली, पदरानं पुसली. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यांची नावं लिहून घेण्याचं काम करते, असं म्हणाली. हे सांगताना तिनं हसायचा प्रयत्न केला.

ओगल्यांनी गाडीत सबंध भाषण जुळवलं होतं. त्यात प्रस्तावना होती, कारणं होती, उपसंहारही होता. शेवटी अट्टल मास्तर. पण खुर्चीत बसल्यावर त्यातलं काही आठवेना.

"तुमची पत्रिका मी तपासली होती," ते बंगालीत म्हणाले. "दक्षिण अमेरिकेच्या उत्तराला चार गुण मी दिले."

लीनाचा हात तांदळात थांबला. "चूक असेल सर माझी," ती म्हणाली. "मी नंतर खूप विचार केला. बर्गींचं तिथे काढायला नको होतं. विषय सोडून झालं."

समासातला शेरा त्या पोरीनं कधी पाहिला नव्हता. तरी तो तिनं स्वतःच स्वतःवर मारून घेतला होता. ओगल्यांना खुर्चीत बसवेना.

"नाही. विषयाला धरून होतं. सबंध बाडात तेवढं एकच उत्तर उत्तर म्हणण्यासारखं होतं. पंधरा गुणांचं होतं ते. मी जाणूनबुजून कापले. आणि शरत्‌नं रिव्ह्यूचं विचारलं, तेव्हा अर्ज करू नका असं मीच सांगितलं."

सुपातले तांदूळ तिनं उगाच एका बाजूला लोटले, पुन्हा पसरले. ओगल्यांनी खिशातलं पत्र काढून तिच्यापुढे धरलं. तिनं ते वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि एकदम म्हणाली, "बाबा गेल्या भाद्र महिन्यात गेले."

ओगले खुर्चीतून उठून उभे राहिले.

"त्यांना वाटायचं मी कलकत्त्याला लायब्ररीच्या नावाखाली फिरायला जायचे. पेपर चांगला गेलाय असं मी सांगितलं होतं ना. मग निकाल असा लागला. सगळ्या वस्तीत म्हणायचे, पोरीनं मला थापा मारल्या. शेवटच्या आजारातसुद्धा माझ्याशी धड बोलले नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं ओगल्यांना वाटलं. "मी खरं बोलत होते, सर."

"हो. तुम्ही खरं बोलत होतात."

आतून तिची आई बाहेर आली. पांढरं लुगडं, हाताला कणीक. लीनानं तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि पत्र दाखवलं. बाईनं कागदाकडे नुसतं पाहिलं.

"मला वाचता येत नाही, मास्टरमशाय," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."

ओगल्यांनी सांगितलं. मुलीचं उत्तर बरोबर होतं, गुण मी खोटे दिले. बाई ऐकत राहिली. मग तिनं लुगड्याला हात पुसले.

"इथे नको," ती म्हणाली. "बाहेर चला. हापशावर."

"आई, राहू दे," लीना म्हणाली.

"का राहू दे? तुझा बाप ह्याच हापशावर उभा राहून सगळ्यांना सांगायचा. तो ऐकायला नाही. ह्या बायका तरी ऐकू देत."

हापशावर सात-आठ बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. बाईनं एकीला हापसणं थांबवायला सांगितलं. मंडळाच्या व्यासपीठावर दोन-दोन तास बोलणारे शशिकांत ओगले चिखलात चप्पल रुतवून उभे राहिले. त्यांनी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "जोरात," लीनाची आई म्हणाली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, जोरात सांगितलं. लीना मन्नानं पेपर उत्तम लिहिला होता. ती बापाशी खोटं बोलली नव्हती. तिचे गुण मी कापले.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतली एक म्हातारी, कमरेवर कळशी घेतलेली, पुढे आली आणि ओगल्यांच्या तोंडाकडे नीट बघत म्हणाली, "पण का रे बाबा? पोरीनं तुझं काय बिघडवलं होतं?"

आता उत्तर देणं भाग होतं. ह्या बाईपुढे आकस हा शब्द चालणार नव्हता.

"मी मराठी आहे," ओगले म्हणाले. "बर्गींनी तुमची गावं लुटली, असं तिनं एका ओळीत लिहिलं होतं. ते खरं होतं. मला ते आवडलं नाही."

म्हातारी वाट बघत राहिली. आणखी काही असेल, असं तिला वाटलं असावं. दारात उभी असलेली लीनाही वाट बघत होती.

"एवढ्यासाठी?" म्हातारीनं विचारलं.

"एवढ्यासाठी," ओगले म्हणाले.